बारा आण्यांचा हिशेब

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थिनीने एका कम्युनिस्ट कार्यकर्तीचे चरित्र लिहायला घ्यावे, याचे माझ्या काही मैत्रिणींना नवल वाटले. पुस्तपालनाचा आणि लाल बावट्याचा संबंध तो काय? मला तो संबंध एका कर्जखात्यात सापडला.

कर्ज होते लग्नाचे. ठाणे जिल्ह्याच्या उत्तर टोकाला राहणारा वारली तरुण लग्नासाठी जमीनदाराकडून थोडे पैसे घेई आणि ते फिटेपर्यंत त्याच्या घरी, शेतात राबायचे कबूल करी. त्याला लग्नगडी म्हणत. लग्न लागले की नवी नवरीही त्याच कामाला जुंपली जाई. आता आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात की एका बाजूला नावे टाकले तर दुसऱ्या बाजूला जमा दाखवलेच पाहिजे. या खात्याला जमेची बाजूच नव्हती. नवराबायको पहाटेपासून रात्रीपर्यंत राबत; त्या मजुरीचा एक पैसाही कर्जातून वजा होत नसे. मुले होत, ती चालू लागली की मालकाची गुरे राखत, आणि मुद्दल मात्र जिथल्या तिथे! आपल्या जुन्या हिंदू धर्मशास्त्रात दामदुपटीचा नियम आहे. त्याप्रमाणे साचलेले व्याज एका वेळी मुद्दलापेक्षा अधिक वसूल करता येत नाही. मुंबई इलाख्यातील न्यायालये हा नियम मानीत असत. पण न्यायालयाची पायरी चढायची तर आधी आपले देणे किती हे ठाऊक हवे. वही जमीनदाराच्या घरात, अंगठा वारल्याचा. आकडा कोण सांगणार?

हे खाते बंद करायला ज्यांनी वारल्यांना साथ दिली त्या गोदावरी परुळेकर. त्यांनी कायद्याची पदवी घेतली होती.

त्यांच्याविषयी कुतूहल वाटू लागले ते खानवेलला असताना. खानवेल हे दादरा व नगर हवेलीतले, सिल्वासापासून दक्षिणेला साधारण वीस किलोमीटरवरचे साकरतोड नदीकाठचे गाव. माझ्या आत्याचे यजमान सिल्वासाच्या एका कारखान्यात आहेत, म्हणून मागे एकदा मे महिन्याच्या सुटीत मी तिच्याकडे पंधरा दिवस राहिले होते. शेजारी एक वारली आजी राहत. त्यांचे माहेर उधव्याकडचे, म्हणजे महाराष्ट्रातल्या तलासरी तालुक्यातले. नणंद दिलेली गुजरातच्या हद्दीत. लग्नकार्याला त्या तिन्हीकडे जातात, आणि कुठे एक हद्द संपून दुसरी लागते हे त्यांना विचारले तर हसतात. आम्हा सीमाभागातल्या मुलांना हे समजावून सांगायला नको. माझ्याच घरी आजी रागावते कानडीत आणि लाड करते मराठीत. हद्द नकाशावर असते. नातीगोती तिला विचारून जुळत नाहीत. पण कायदा मात्र हद्द पाहून चालतो, आणि खानवेल व उधवा या दोन गावांची गोष्ट त्यामुळेच निरनिराळी झाली. ती पुढे येईल.

गोदावरीबाई माहेरच्या गोखले. जन्म पुण्याचा, १४ ऑगस्ट १९०७ चा. वडील लक्ष्मणराव गोखले हे पुण्यातले नामांकित वकील, विचारांनी नेमस्त. घरात पुस्तके होती, पैसा होता, मुलीला शिकवण्याची तयारी होती. फर्ग्युसन महाविद्यालयातून अर्थशास्त्र व राज्यशास्त्र घेऊन त्या पदवीधर झाल्या आणि मग कायद्याकडे वळल्या. त्या काळातल्या पुण्यात हेच पुष्कळ होते. येथवर थांबल्या असत्या तरी स्त्रीशिक्षणाच्या इतिहासात त्यांचे नाव लागले असते. पण १९३२ साली त्या सत्याग्रहात उतरल्या आणि तुरुंगात गेल्या. वडिलांना हे रुचले नाही. सुटून आल्यावर बाईंनी घर सोडले आणि मुंबई गाठली.

मुंबईत त्या भारत सेवक समाजात दाखल झाल्या. नामदार गोखल्यांनी १९०५ साली स्थापन केलेल्या या संस्थेच्या त्या पहिल्या महिला आजीव सदस्य. १९३७-३८ मध्ये त्यांनी साक्षरतेची मोहीम चालवली. पुढच्या वर्षी मुंबईतील घरकाम करणाऱ्या कामगारांना संघटित करण्याचे काम अंगावर घेतले. घरगड्यांची संघटना! आज आपल्या शहरांतून हा प्रश्न कुठे पोहोचला आहे हे पाहिले, म्हणजे १९३८ साली हे काम हाती घेणाऱ्या बाईंच्या नजरेचे आश्चर्य वाटते.

याच समाजात शामराव परुळेकर होते. १९३७ च्या निवडणुकीत डॉ. आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे ते रत्नागिरी जिल्ह्यातून निवडून आले होते आणि जानेवारी १९३८ मध्ये खोती पद्धतीविरुद्ध कोकणातील शेतकऱ्यांचा जो मोर्चा मुंबईत कौन्सिल हॉलवर गेला, त्याच्या पुढाऱ्यांपैकी एक होते. १९३९ साली दोघांचे लग्न झाले, त्याच वर्षी दोघे कम्युनिस्ट पक्षात गेले, आणि १९४० ते १९४२ ही संसाराची पहिली वर्षे युद्धविरोधी चळवळीमुळे तुरुंगात काढली.

आता १९४५. जानेवारीत टिटवाळ्याला महाराष्ट्र किसान सभेची परिषद भरली. तिला उंबरगाव तालुक्यातून काही वारली आले. माह्या धांगडा हे त्यांच्यातले प्रमुख. व्यासपीठावरून त्यांनी आपल्याकडच्या वेठीची हकीकत सांगितली. जमीन कुळाने कसायची आणि निम्मे पीक खंड म्हणून मालकाच्या खळ्यावर पोचवायचे. पावसाळ्यात घरातले धान्य संपले की खावटी उचलायची आणि सुगीला दीडपट-दुप्पट फेडायची. शिवाय मालक बोलावील तेव्हा आपले काम टाकून त्याच्या शेतावर जायचे, तेही फुकट. कानडीत आपण ज्याला बिट्टी म्हणतो तीच ही वेठ, आणि लग्नगडी म्हणजे आपल्याकडचा जीतदाळू. नकार दिला तर झाडाला बांधून फटके.

हे सरकारला माहीत नव्हते असे कोणी समजू नये. डेव्हिड सिमिंग्टन नावाच्या आय.सी.एस. अधिकाऱ्याने मुंबई सरकारसाठी आदिवासींच्या स्थितीचा अहवाल १९३० नंतरच्या दशकाच्या अखेरीस तयार केला होता आणि त्यात वेठीचे, कर्जाचे, लग्नगड्यांचे सारे वर्णन आहे. त्याही आधी, १९३० साली, जिनिव्हा येथे आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेने सक्तीच्या मजुरीविरुद्ध करार केला होता. जगाच्या राजधान्यांत वेठ निषिद्ध ठरली होती; उंबरगाव तालुक्यात ती रोज पहाटे हजेरी घेत होती. अहवाल कपाटात राहिला. मला वाटते, टिटवाळ्याचा फरक इतकाच की येथे ज्याची हकीकत त्यानेच ती सांगितली, आणि ऐकणारे उठून त्याच्या गावी गेले.

त्यानंतरच्या महिन्यांत परुळेकर दांपत्य उंबरगाव-डहाणूच्या पाड्यांतून पायी फिरले. पांढरपेशा बाई झोपडीत मुक्कामाला येते, आपल्या ताटातले खाते, हे वारल्यांना नवे होते. सुरुवातीला त्यांना बाईंची भीती वाटे. पांढरे कपडे म्हणजे सरकार किंवा सावकार, एवढीच त्यांची ओळख. बाईंनाही त्यांची बोली शिकावी लागली. हा भाग त्यांनी पुढे आपल्या पुस्तकात फार प्रामाणिकपणे लिहिला आहे. आपण शिकवायला गेलो आणि शिकून आलो असे सांगणारे पुष्कळ असतात. बाई काय शिकल्या ते तपशिलाने सांगतात, म्हणून ते पटते.

२३ मे १९४५ रोजी झरी या गावी वारल्यांची परिषद भरली. सुमारे पाच हजार माणसे पायी आली. तेथे जे ठरले ते अगदी साधे होते. वेठ करायची नाही. जमीनदाराच्या खाजगी शेतावर रोख मजुरी मिळाल्याशिवाय पाऊल टाकायचे नाही, आणि ती मजुरी दिवसाला बारा आणे. कोणी मारहाण केली तर एकजुटीने तोंड द्यायचे.

बारा आणे! सोळा आण्यांचा रुपया, म्हणजे पाऊण रुपया. वाचकहो, या आकड्यावर मी बराच वेळ विचार केला. त्याच सभेत जमिनीची मागणी करता आली असती, कर्जमाफीचा ठराव मांडता आला असता. त्याऐवजी बाईंनी आणि वारल्यांनी प्रथम श्रमाला भाव लावला. आमच्या अर्थशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर ज्या वस्तूला किंमत नाही तिचा बाजार नाही, आणि वारल्याच्या दिवसाला आजवर किंमतच नव्हती. एकदा दिवस बारा आण्यांचा ठरला, की लग्नगड्याने दहा वर्षांत किती दिवस दिले आणि त्याचे किती झाले, हा हिशेब लहान मुलालाही मांडता येतो. तो मांडला की जमीनदारच देणेकरी निघतो. पुढच्या आठवड्यांत वारली लाल बावटा घेऊन जमीनदारांच्या वाड्यांवर गेले आणि लग्नगड्यांना तुम्ही मोकळे आहात असे सांगून त्यांना घरी घेऊन आले. कोणाची वही फाडावी लागली नाही. वही तशीच राहिली, राबणारा तेवढा निघून गेला.

पावसाळा सरला आणि गवतकापणी आली. या भागातले गवत मुंबईच्या बाजारात जाई. व्यापाऱ्यांचा तो मोठा धंदा. पाचशे पौंड गवत कापण्याला अडीच रुपये, अशी मागणी करून वारल्यांनी संप केला. मग १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाड्याला जे झाले ते झाले. बाईंची सभा आहे अशी खोटी आवई पाड्यापाड्यांतून उठवण्यात आली. हजारो वारली रातोरात जमले. बाई तेथे नव्हत्याच. जमावावर पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि जेठ्या गांगड व आणखी चारजण ठार झाले. माणसे तरीही पांगेनात, कारण बाईंना सोडून कसे जायचे हाच त्यांना पडलेला प्रश्न होता. एखाद्या माणसावरचा विश्वास असा त्याच माणसांच्या जिवावर उलटवता येतो, हे वाचताना अंगावर काटा येतो. संप मात्र मोडला नाही, आणि अडीच रुपयांचा दर मालकांना द्यावा लागला.

१९४६ साली मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचे काँग्रेस मंत्रिमंडळ आले. गृहखाते मोरारजी देसाईंकडे होते. खेर हे आदिवासींविषयी आस्था असलेले गृहस्थ. आदिवासी सेवा मंडळ त्यांनीच १९४० साली काढले होते. त्यामुळे त्यांच्याच कारकिर्दीत जंगलकामाला दिवसाला सव्वा रुपया मागणाऱ्या वारल्यांचा संप चालू असताना परुळेकरांवर जिल्हाबंदीचा हुकूम निघावा, हे विचित्र वाटते. सरकारचे म्हणणे होते की कम्युनिस्ट लोक भोळ्या आदिवासींना चिथावतात. मला या भोळे शब्दाची गंमत वाटते. वेठ करताना ज्याला कोणी भोळा म्हटले नाही, तो मजुरी मागताच भोळा कसा ठरला? ७ जानेवारी १९४७ रोजी नानिवली येथे पुन्हा गोळीबार झाला आणि पाचजण मेले.

एक गोष्ट येथेच नोंदवते. ज्या १९४५ साली झरीची परिषद झाली त्याच साली, तेथून जवळच बोर्डीला ताराबाई मोडकांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेले. एक बाई वारल्यांच्या मुलांना अंगणात बसवून शिकवीत होती, दुसरी त्यांच्या आईबापांना संप शिकवीत होती. आपल्या शालेय पुस्तकांत पहिल्या प्रकारच्या थोर स्त्रिया पुष्कळ भेटतात. दुसऱ्या प्रकारच्या शोधाव्या लागतात.

आता खानवेलकडे वळते. १७७२ साली मराठी आरमाराने पोर्तुगीजांचे सांताना नावाचे जहाज पकडले होते. १७७९ साली पेशवे आणि पोर्तुगीज यांच्यात तह झाला आणि वार्षिक बारा हजार रुपये वसुलाची गावे पोर्तुगीजांना देण्याचे ठरले. १७८३ ते १७८५ या काळात बहात्तर गावे त्यांच्या ताब्यात गेली. खानवेल त्यांतले एक. एका जहाजाची नुकसानभरपाई म्हणून गावे गेली, आणि गावांबरोबर, यादीत नोंद नसताना, माणसेही गेली. म्हणून १९४५ साली झरीला वारल्यांनी हात वर केले तेव्हा थोड्याच अंतरावरच्या खानवेलवर लिस्बनचा झेंडा होता. २६ जानेवारी १९५० पासून उधव्याच्या वारल्याला राज्यघटनेच्या तेविसाव्या कलमाने वेठीपासून संरक्षण दिले. खानवेलच्या त्याच्याच भावाला ते लागू नव्हते.

१९५४ च्या पावसाळ्यात हे बदलले. २२ जुलैच्या रात्री दादरा मुक्त झाले, २ ऑगस्टला सिल्वासा. या लढ्यात युनायटेड फ्रंट ऑफ गोवन्स, आझाद गोमंतक दल, राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे स्वयंसेवक आणि कम्युनिस्ट असे एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे लोक होते. पोर्तुगीज प्रशासक कॅप्टन फिदाल्गो शिपाई घेऊन खानवेलकडे हटला आणि ११ ऑगस्ट १९५४ रोजी उधव्याला भारतीय पोलिसांच्या स्वाधीन झाला. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात भारताने जिनिव्हाच्या त्या सक्तीच्या मजुरीच्या कराराला मान्यता दिली. करार झाल्याला चोवीस वर्षे होऊन गेली होती.

पोर्तुगाल १९५५ च्या डिसेंबरात हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेले. भारताची बाजू मोतीलाल सेटलवाड यांनी मांडली. खास न्यायाधीश म्हणून न्यायमूर्ती छागला बसले. जगातील नामवंत कायदेपंडितांनी १७७९ च्या तहाचा मराठी मजकूर तपासला आणि ती गावे सार्वभौम म्हणून दिली होती की केवळ सरंजाम म्हणून, यावर खल केला. १२ एप्रिल १९६० च्या निकालात असे ठरले की मराठ्यांनी सार्वभौमत्व दिले नव्हते, तरी पुढे इंग्रजांनी ते मानले. खाजगी माणसे, मुलकी अधिकारी आणि माल यांच्यासाठी पोर्तुगालला वाट होती, सैन्यासाठी व शस्त्रांसाठी नव्हती. आणि भारताने वाट अडवली त्यात कर्तव्याचा भंग झाला नाही. निकाल आपल्या सोयीचा होता याचा आनंदच आहे. पण खानवेलचा माणूस त्या खटल्यात वादी नव्हता की प्रतिवादी नव्हता. वाट कोणाची, हा प्रश्न होता. शेत कोणाचे आणि मजुरी किती, हा नव्हता. ११ ऑगस्ट १९६१ रोजी हा प्रदेश भारतात रीतसर विलीन झाला, आणि कुळांना कसत्या जमिनीचा हक्क देणारा भूसुधारणा विनियम यायला १९७१ साल उजाडले. झरीच्या सभेला तेव्हा सव्वीस वर्षे झाली होती.

बाईंचे पुढचे आयुष्य मी थोडक्यात सांगते. १९५७ साली शामराव ठाण्यातून लोकसभेवर निवडून गेले. चीन युद्धानंतरच्या धरपकडीत दोघांनाही स्थानबद्ध केले गेले. ३ ऑगस्ट १९६५ रोजी शामरावांचे मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगात निधन झाले. त्या वेळी बाईही कैदेतच होत्या. १९६६ साली सुटून त्या पुन्हा तलासरीला गेल्या. १९७० साली ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक आले आणि १९७२ साली त्याला साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. तुरुंगातल्या दिवसांवर त्यांनी वेगळे पुस्तक लिहिले. १९८६ साली, वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी, त्या अखिल भारतीय किसान सभेच्या अध्यक्ष झाल्या; त्या पदावरची पहिली स्त्री. ८ ऑक्टोबर १९९६ रोजी त्या गेल्या. वारली आणि कार्यकर्ते त्यांना गोदूताई म्हणत.

त्यांच्या पक्षाच्या सगळ्याच गोष्टी मला पटतात असे नाही. जगात त्या नावाखाली जे काही घडले त्याबद्दल बाईंनी अधिक बोलायला हवे होते, असे आमच्या वर्गातल्या चर्चेत एकाने म्हटले आणि मला ते खोडता आले नाही. परंतु कायदा शिकलेल्या या बाईंनी जन्मभर ज्यांच्यासाठी काम केले त्यांना कायद्याचे कलम सांगून भागणार नव्हते, हे त्यांनी पहिल्या फेरीतच ओळखले, आणि आपली पदवी बाजूला ठेवून बारा आण्यांपासून सुरुवात केली. आम्हा पदवीच्या मागे लागलेल्यांना हे इतके सहज जमेल का, असे मी स्वतःला विचारते.

तलासरीला आज त्यांच्या नावाचे महाविद्यालय आहे. कॉम्रेड गोदावरी शामराव परुळेकर कला, वाणिज्य व विज्ञान महाविद्यालय. खानवेलहून उधव्याच्या रस्त्याने तिकडे जाता येते. ज्या तालुक्यात कर्जाची वही फक्त जमीनदाराच्या घरात असे, तेथली मुले-मुली आता आमच्यासारखीच कीर्द, खतावणी आणि तेरीज शिकतात.